नाचाचे तोंड कोणीकडे?

युवक महोत्सवाच्या नियमावलीत लोकनृत्याविषयी एक छोटेसे कलम असते. नाच लोकनृत्य किंवा आदिवासी नृत्य असावा, शास्त्रीय नसावा. नाचणारे दहा, साथीला पाच. वेळ आठ ते दहा मिनिटे. गुण ताल, रचना, हावभाव, वेशभूषा, रंगभूषा आणि एकूण परिणाम यांना. यात कोणाला काही खटकावे असे नाही. स्पर्धा म्हटली की मोजमाप आलेच, आणि दहा मिनिटांची मर्यादा नसती तर महोत्सव पुढच्या वर्षापर्यंत चालला असता. तरी मी हे कलम तीनचार वेळा वाचले. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाने तारपा नाच बसवायचे ठरवले आणि मी वारली असल्यामुळे त्या दहांत माझे नाव न विचारताच घातले गेले. ज्या नाचात मी चालायला लागल्यापासून आहे, त्याला 'हावभाव' म्हणून काही असतात हे मला तेव्हा प्रथम कळले.

तारपा नाच बहुतेकांनी पाहिलेला असतो तो चित्रात. सरकारी कचेरीच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर माणसांची एक लांबलचक साखळी गोगलगायीच्या शिंपल्यासारखी गुंडाळत जाते आणि मधे एकजण लांब वाद्य तोंडाला लावून उभा असतो. ते चित्र मुळात लग्नाच्या चौकाच्या घराण्यातले. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी चौक काढायचा आणि लग्न आटोपले की तो हळूहळू पुसट होऊ द्यायचा, अशी रीत. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग पुढे केले, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नावाचून, चौकावाचून चित्रे काढू लागले. पुढे त्यांची चित्रे परदेशांत गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. चित्राचे जे झाले त्याबद्दल मला तक्रार नाही. भिंतीवरून कागदावर आल्याने चित्र जगले, हे कोणीही मान्य करील. परंतु नाच कागदावर ठेवता येत नाही. त्याला ठेवायचे तर माणसांवरच ठेवावे लागते, आणि तेथून पुढचा घोटाळा सुरू होतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तारपा म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि त्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. गाल फुगवून तोंडातली हवा बाहेर सोडत असतानाच नाकाने नवी आत घेतो, त्यामुळे सूर थांबत नाही. पाऊस सरता सरता, भात तयार होऊ लागले की तारपा बाहेर निघतो. धान्याची देवी कणसरी. नवे भात येते ते तिचे, आणि नाचही त्याच दिवसांचा. तारपेवाला मधे उभा राहून सावकाश फिरतो. त्याच्याभोवती बाया, पोरी, बाप्ये एकमेकांच्या कमरेत हात गुंफून साखळी करतात. साखळीच्या तोंडाशी एकजण घुंगरांची काठी जमिनीवर आपटत चाल दाखवतो. सूर बदलला की पाऊल बदलते. आणि एक गोष्ट कोणी शिकवत नाही पण सगळ्यांना ठाऊक असते, ती म्हणजे तारप्याकडे पाठ करायची नाही. तो जिकडे वळेल तिकडे साखळी वळते.

आता हे नीट डोळ्यांपुढे आणले तर लक्षात येईल की सगळ्यांची तोंडे आत आहेत. बाहेर कोणी उभा असेलच, तर त्याला दिसतात फक्त पाठी. पण बाहेर कोणी उभा राहत नाही. म्हातारी माणसे अंगणाच्या कडेला बसलेली असतात, ताडी पीत असतात, आपसात बोलत असतात; नाच 'पाहत' कोणी नसते. मी लहान असताना कडेला नुसता उभा राहिलो की आजी विचारायची, "पाय दुखतो काय?" पाय दुखत नसेल तर बाहेर उभे राहण्याला तिच्या लेखी दुसरे कारणच नव्हते. (आम्ही घरी वारलीत बोलतो. येथे तिचे आणि इतरांचे बोलणे मी पुस्तकी मराठीत आणून लिहितो आहे, त्यात त्यांची चव थोडी गेली आहे.)

असो. महाविद्यालयात तालीम सुरू झाली. नृत्यदिग्दर्शक बाहेरून आणले होते. माणूस मेहनती, स्वभावाने मोकळा, आणि अनेक वर्षे संघ बसवत आलेला. तारपा वाजवायला माझ्या मामाला बोलावले. मामा जव्हारजवळच्या आमच्या पाड्यावरून पहिल्या गाडीने निघायचा, अकराला पोचायचा आणि सभागृहाच्या दाराशी चपला काढून उभा राहायचा. आत या म्हटल्याशिवाय आत येत नसे. दुसऱ्या दिवसापासून सारे त्याला मामाच म्हणू लागले, प्राध्यापकसुद्धा.

पहिल्याच तासाला आमचे वर्तुळ फोडण्यात आले. दिग्दर्शकांचे म्हणणे साधे होते. परीक्षक समोर बसतात. वर्तुळ केले तर अर्ध्या मुलांच्या पाठी परीक्षकांकडे येणार, आणि मग रचना दिसायची कशी, चेहरे दिसायचे कसे? तेव्हा अर्धवर्तुळ करा, तोंडे बाहेर. मामा मधे उभा राहिला तर मागची मुले झाकतात, म्हणून मामा उजव्या कोपऱ्यात, ढोलकीवाल्याच्या शेजारी. ढोलकी का, असे मी विचारले. नुसता तारपा सभागृहात पातळ वाटतो, असे उत्तर मिळाले. आणि खरे सांगायचे तर त्या सभागृहात तो पातळ वाटतही होता. मग हसू आले. "नाचताना आनंद चेहऱ्यावर दिसू दे," असे दिवसातून दहा वेळा सांगितले जाई. आमच्याकडे नाचताना कोणी हसत नाही असे नाही, पण ते शेजारणीने काही बोलले म्हणून, किंवा कोणाचा पाय चुकला म्हणून. दहाही जणांनी एकाच वेळी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून हसायचे, याला सराव लागतो. आम्ही तो केला. लुगडी भाड्याने आली, ती जरीच्या काठाची. एकीने दबकत विचारले की आमच्या आया अशी नेसत नाहीत. त्यावर, दिव्यांत साधे सुती कापड मळकट दिसते, असे कळले. हेही खोटे नव्हते.

मला राग येत होता, तो मुख्यतः मामाच्या वतीने. त्याच्याकडे आमच्या सगळ्यांच्या पाठी होत्या आणि तो कोपऱ्यात उभा राहून, मान खाली घालून वाजवत होता. पण मामा काही बोलला नाही. महोत्सवाच्या दिवशीही सांगितलेल्या खुणेवर उभा राहिला, नऊ मिनिटे वाजवले, घंटा व्हायच्या आत थांबला. आम्हाला तिसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी एकांनी आमचे विशेष कौतुक केले: संघाने पारंपरिकता उत्तम जपली, असे ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी मामाला म्हटले, "मामा, तुला वाईट नाही वाटले?" त्याने विचारले कशाचे. मी पाठींचे सांगितले. तो म्हणाला, "तो कॉलेजचा नाच. बरा होता. पोरांनी मेहनत केली." मग बराच वेळ खिडकीतून पाहून म्हणाला, "आणि हा तारपा पण कॉलेजचाच आहे." तेव्हा माझ्या लक्षात आले की मामाने पाड्यावरचा तारपा आणलाच नव्हता. त्याच्याकडे एक दुसरा आहे, थोडा आखूड, कर्ण्याला रंगीत पट्टे दिलेला. प्रजासत्ताक दिनाला, मंत्री आले की, कोठे लोककला महोत्सव असला की तो न्यायचा. पाड्यावरचा तारपा पाड्याबाहेर जात नाही. हे त्याने कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. दोन तारप्यांचे दोन हिशेब तो कित्येक वर्षे वेगवेगळे ठेवत आला होता.

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे जरा थंड डोक्याने पाहू लागलो. आपल्याकडे लोकनृत्यावर बोलायचे झाले की दोन ठरलेली भाषणे होतात. एका भाषणात सरकार आणि संस्था यांनी मरणाऱ्या कला वाचवल्या. दुसऱ्यात त्यांनीच त्या मारल्या. लावणीच्या बाबतीत ही दोन्ही भाषणे इतकी झाली आहेत की मी तिला येथे बाजूलाच ठेवतो. बाकीच्या नाचांचे काय झाले ते शोधू गेलो, तर एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही असे दिसते.

दिल्लीपासून सुरुवात करू. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले, आणि त्याच सुमारास प्रजासत्ताक दिनाला देशभरातून लोकनर्तकांची पथके दिल्लीला बोलावण्याची प्रथा पडली. नवा देश होता. नागालँडच्या टेकड्यांवरची माणसे आणि सौराष्ट्रातले कोळी हे एकाच देशाचे आहेत हे डोळ्यांना दिसावे, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. परंतु एकाच मैदानात इतक्या पथकांनी नाचायचे तर प्रत्येकाला काही मिनिटे आली, समोर मान्यवरांचे व्यासपीठ आले, आणि कोणते पथक कोणाचे हे लांबून ओळखू येण्यासाठी ठळक वेश आला. आपल्या महोत्सवाचे कलम कोठून आले ते यावरून ध्यानात येते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे निघाली, महाराष्ट्राला उदयपूर आणि नागपूर ही दोन्ही केंद्रे लागू झाली, आणि पथकांना बोलावणी वाढली. मामाचे पहिले लांबचे प्रवास अशाच बोलावण्यांमुळे घडले. आगगाडीचे भाडे, राहणे, जेवण, वर मानधन. त्याच्या घराच्या कुडावर एक प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे आणि पाहुणा आला की तो त्याच्याकडे बोट दाखवतो. यात नावे ठेवण्यासारखे मला काही आढळत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला भरतनाट्यम्. आज आपण त्याला शास्त्रीय म्हणतो, आणि नियमावलीतले 'शास्त्रीय नसावा' हे शब्द त्यालाच बाहेर ठेवतात. पण शंभर वर्षांपूर्वी त्याचे नाव सदिर होते आणि ते देवदासींच्या घराण्यांत होते. या नाचाशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात त्याला आश्रय मिळाला; दुसऱ्या सरफोजींच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी आजच्या सादरीकरणाचा क्रम बांधला. १९३०च्या दशकात मद्रासेत एकीकडे देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ जोरात होती, आणि दुसरीकडे नाच तरी वाचवावा म्हणून काही सुशिक्षित मंडळी झटत होती. १९३२ साली तेथील संगीत अकादमीने त्याला भरतनाट्यम् म्हणावे असे ठरवले. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या बाई जाहीरपणे नाचल्या, आणि १९३६ साली कलाक्षेत्राची स्थापना झाली. १९४७ साली मुलींना देवाला वाहण्यास बंदी करणारा कायदा मद्रास प्रांतात झाला.

यातला एक तपशील मला विशेष वाटतो. सदिरमध्ये नट्टुवनार आणि वादक नर्तकीच्या मागे उभे असत, ती पुढे सरकली की तेही तिच्या मागोमाग सरकत. नव्या रंगमंचावर त्यांना एका बाजूला बसवण्यात आले. माझ्या मामाला कोपऱ्यात उभे केले तेव्हा दिग्दर्शकांना हे ठाऊक असेल असे नाही. रंगमंचाची गरजच तशी असते. तो पहिली मागणी करतो ती हीच, की मधली जागा मोकळी करा.

सदिरचे भरतनाट्यम् झाल्याने नाच टिकला, वाढला, आज जगभर शिकवला जातो. पण तो ज्यांच्या घरचा, त्या घरांतल्या किती मुली पुढे त्यावर उभ्या राहिल्या? बालसरस्वतींसारख्या थोर नर्तकी त्या परंपरेतल्या होत्या हे खरे, परंतु त्या उठून दिसतात त्या अपवाद म्हणूनच. बहुतेक घरांनी पायातली घुंगरे काढून ठेवली आणि मुलींना नाचापासून दूर ठेवले, कारण समाजात मान मिळवायचा तर ते आवश्यक होते. देवदासी प्रथा गेली हे चांगलेच झाले. तिचे दुःख ज्यांनी भोगले त्यांना नाचाच्या इतिहासाचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. तरीही नाचाला सन्मान मिळाला आणि नाचणाऱ्यांना तो मिळण्यासाठी नाच सोडावा लागला, ही गोष्ट मनातून जात नाही.

राजस्थानातल्या कालबेलियांचे मात्र उलट झाले. ते साप पकडणारे, सापाचे खेळ करणारे लोक. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगण्याला बंदी आली आणि पोटाचा धंदा गेला. त्यांच्या बायकांचा नाच रंगमंचावर आला तो त्यानंतरच्या काळात, आणि पुष्कळ घरांना त्याने भाकरी दिली. याच समाजातल्या गुलाबो सपेरा यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या लोकांना जाऊन कोणी सांगावे की तुमचा नाच आता खरा राहिला नाही, हे मला धाडसाचे वाटते. खरेपणा जपण्यासाठी उपाशी राहणे हे फक्त दुसऱ्यालाच सुचवता येते.

कालबेलिया नाच २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, त्याच वर्षी छाऊही गेला. गुजरातचा गरबा २०२३ साली गेला. ही यादी ज्या करारातून निघाली तो २००३ सालचा. भारताने तो २००५ साली स्वीकारला. मी तो करार ग्रंथालयात बसून वाचला, आणि मला आश्चर्य वाटले ते त्यातल्या व्याख्येचे. तीत म्हटले आहे की हा वारसा म्हणजे लोक स्वतः ज्याला आपला मानतात तो, आणि आपल्या परिसराप्रमाणे ते तो सतत नव्याने घडवत असतात. म्हणजे कागदावर तरी कोणी 'जसेच्या तसे' ठेवा असे म्हटलेले नाही. जसेच्या तसे ठेवण्याचा हट्ट यादी वाचणाऱ्यांचा असतो.

गरब्याकडे पाहा. तोही वर्तुळाचा नाच, मधे छिद्रांचा मातीचा घट आणि त्यात दिवा. तो आजही लाखो लोक नाचतात, कडेला उभे राहून पाहणाऱ्यांपेक्षा आत नाचणारेच अधिक असतात, आणि यादीत जाण्याने त्याचे काही बिघडले असे वाटत नाही. मात्र मोठ्या शहरांतल्या मैदानांत मधे घट क्वचितच दिसतो. लोक फिरतात ते गायकाच्या मंचाभोवती किंवा त्याच्यासमोर, आणि आत जायला तिकीट असते. वर्तुळ राहिले, मध्य बदलला. हे चांगले की वाईट ते गुजरातच्या लोकांनी सांगावे. पण हा बदल त्यांनी त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या हौसेने केला, कोणा परीक्षकाने गुण कापू नयेत म्हणून केला नाही, एवढा फरक मला जाणवतो.

आता पुन्हा पाड्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून एक गृहस्थ लोककलांची नोंद करायला आले होते. हातात छापील तक्ता: नृत्याचे नाव, कलाकारांची संख्या, वेशभूषा, वाद्ये, प्रसंग, कालावधी. मी मधे बसून दुभाष्याचे काम करत होतो. कलाकारांची संख्या विचारल्यावर मामाने पाड्यात किती माणसे आहेत ते सांगितले. कालावधी विचारल्यावर तो म्हणाला, "पाय थकेपर्यंत." गृहस्थ हसले आणि त्यांनी त्या रकान्यात '३० मिनिटे' असे लिहिले; कलाकार '१२'. तसे न लिहावे तर त्यांचा तक्ता पुरा होत नव्हता. आता कधी कोणी ती नोंद उघडील, तर आमचा नाच बारा माणसे अर्धा तास करतात असे त्याला कळेल, आणि ते अधिकृत असेल.

हेही मी सोडून दिले असते. मामाच्या हिशेबाने पाहिले तर तोही कार्यालयाचा नाच. पण गेल्या दिवाळीत जे पाहिले ते त्या हिशेबात बसत नाही. माझी मामेबहीण आश्रमशाळेत सातवीत आहे. तिच्या शाळेच्या संमेलनात तारपा नाच बसवला होता. शिक्षिका दुसऱ्या जिल्ह्यातल्या, त्यांनी मोबाईलवरची एका स्पर्धेतली चित्रफीत पाहून मुलींना शिकवला. वारली मुलींना तारपा नाच चित्रफितीवरून! पण बाईंनी तरी काय करावे, त्यांनी आस्थेनेच केले. दिवाळीला मुली सुटीवर घरी आल्या. रात्री अंगणात मामाने तारपा काढला, साखळी झाली, आणि तिच्यात शिरलेल्या चार मुली तोंड बाहेर करून उभ्या राहिल्या. ओठांवर ते शिकवलेले हसू. अंगणाबाहेर तर काळोख होता, तेथे एक कुत्रे तेवढे बसलेले. माझ्या मावशीने बहिणीला खांद्याला धरून आत वळवले तर ती म्हणाली, "असे नसते ग, मावशी. आम्हाला बाईंनी शिकवले आहे."

मावशी निरक्षर आहे. शाळेत शिकवलेले बरोबर असते अशी तिची पक्की समजूत आहे, आणि बाकी सगळ्या बाबतीत ती समजूत तिच्या मुलांच्या कामाला आली आहे. तिने हात खाली घेतला. मामा वाजवत होता, तोंडात तारपा, त्याला बोलता येत नव्हते. तो फक्त चालत त्या मुलींच्या बाजूला गेला आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहून वाजवू लागला. दोघी वळल्या. माझी बहीण आणि आणखी एक, शेवटपर्यंत तशाच नाचल्या.

त्या रात्रीपासून मला वाटते की मंचावरचा नाच हा वेगळा नाच म्हणून असायला काहीच हरकत नाही. मामासारखी माणसे त्याला वेगळे कपाट देऊन ठेवू शकतात. धोका तो परत घरी येतो तेव्हा आहे, आणि 'बरोबर' होऊन येतो तेव्हा आहे. त्याच्यामागे शाळा असते, बक्षीस असते, छापील तक्ता असतो. पाड्यावरच्या नाचामागे कोण आहे? एक मावशी, आणि तिने हात खाली घेतला.

शिवाय केवळ मंचाला दोष देऊन भागत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडची अर्धी घरे कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. नाचायला जे दिवस उरतात ते भाताच्या कापणीपासून भट्टीचा मुकादम येईपर्यंतचे. मुकादम उचल देऊन गेलेला असतो, त्यामुळे कधी निघायचे ते तोच ठरवतो. लग्नांत आता डीजे असतो, आणि पोरांना तो आवडतो; मलाही आवडतो, उगाच खोटे का बोला. पाड्यावर तारपा करू शकणारा आता मामा एकटा आहे. आपल्या भागात कलेच्या जतनासाठी कोणी काही करू इच्छीत असेल, तर कापणीनंतर माणसांना आणखी पंधरा दिवस घरी राहता येईल असे काम गावात मिळवून द्यावे. तारप्यासाठी म्हणून वेगळे काही करण्याची फारशी गरज उरणार नाही. पण अशा योजनेला लोककला-संवर्धन असे नाव कोणी देणार नाही, आणि तिचा फोटोही चांगला येणार नाही.

यंदाच्या महोत्सवासाठी संघात पुन्हा माझे नाव आहे. मी नाचणार आहे, तो रंगीत पट्ट्यांचा तारपाही येणार आहे, आणि हसूही येते आता बऱ्यापैकी. फक्त संघप्रमुख सरांना मी एक विनंती केली आहे की सूचनाफलकावर 'पारंपरिक तारपा नृत्य' असे न लिहिता 'तारपा नाचावर आधारित' असे लिहावे. ते म्हणाले, त्याने गुण कमी होतील. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.

आमच्या मराठीच्या बाईंनी हा लेख वाचून मला विचारले की खरा नाच पाहायला कधी यावे. त्यांना सांगितले तेच येथे लिहितो. दिवाळीच्या आधी आठ दिवसांत या. जव्हारला उतरून पुढे जीप मिळते, पाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा चालावा लागतो, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. बसायला खुर्ची मिळणार नाही, आणि कडेला उभे राहिलात तर आजी पायाची चौकशी करील.